अण्णांच्या मापाची रायफल

जुन्या बंदुकांच्या व्यवहारात ‘ओरिजिनल’ला फार भाव आहे. दस्त्याला कानस लागलेली नसावी, नळीचा काळानिळा रंग कारखान्यातलाच असावा, स्क्रूच्या खाचा कुणी उचकलेल्या नसाव्यात. या कसोटीला माझ्याकडची पॉइंट टू टू, म्हणजे ०.२२ इंची नळीची लहान रायफल, पहिल्याच फेरीत बाद होते. तिचा दस्ता दीड इंच कापलेला आहे. टोकाची कारखान्याची पट्टी जाऊन तिथे चामड्याचा जाड तुकडा बसलाय. नळीच्या टोकाशी नेम धरायला जी माशी असते तिच्यावर पितळेचा बारीक मणी झाळलेला आहे. खांद्याला अडकवायचा पट्टा तर चक्क खाटेच्या निवारीचा. एका जाणकाराने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि ‘वाट लावली की हो हिची’ म्हणून परत माझ्या हातात दिली.

मला मात्र तिच्यातलं तेवढंच आवडतं. बाकीची रायफल चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहरात तयार झाली, एवढा भाग सोलापुरात.

ब्रनो मॉडेल २. नळीच्या मुळाशी चेक तपासणीचा सिंह आणि शेजारी वर्षाचे दोन आकडे, ५७. ज्या कारखान्याची ही पोर, त्याच कारखान्याच्या मशीनगनवरून इंग्रजांनी आपली ब्रेन गन बेतली होती. स्वातंत्र्यानंतरच्या त्या वीसेक वर्षांत आपल्याकडच्या हौशी आणि पैसा बाळगून असलेल्या लोकांपुढे लहान रायफलीसाठी मुख्य पर्याय दोन असायचे, बर्मिंगहॅमची बीएसए किंवा ही ब्रनो. पुढे १९८० च्या दशकात सरकारने परदेशी बंदुकांची खासगी आयात बंद केली. नामांकित नेमबाज सोडले तर बाकीच्यांसाठी दार मिटलं, आणि जे देशात होतं तेच हातोहाती फिरत राहिलं. आज लोक ‘ओरिजिनल’साठी जीव टाकतात त्यामागे सौंदर्यदृष्टी किती आणि ही टंचाई किती, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. भुसारचा व्यापार, मार्डीच्या पुढे थोडी कोरडवाहू जमीन आणि शिकारीचा नाद. उंची पाच फूट दोन इंच. युरोपातल्या कारखान्याने दस्त्याचं माप ठेवलं ते तिकडच्या माणसाच्या हातांचं. दस्त्याच्या टोकापासून चापापर्यंतचं हे अंतर जास्त झालं की मान मागे ताणावी लागते, गाल लाकडावर नीट टेकत नाही, आणि घाईत रायफल वर उचलताना टोक काखेत अडकतं. हिवाळ्यात अंगात डगला असला की आणखीच. रेंजवर हे चालून जातं, तिथे माणूस सावकाश मांडामांड करतो. माळावर उठलेला ससा तेवढी सवड देत नाही.

अण्णांच्या ओळखीचे एक मिस्त्री जुन्या गिरणीत फिटर होते. रायफल हातात घेऊन त्यांनी अण्णांना खांद्याला लावायला सांगितली, दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि विचारलं, “अण्णा, लाकूड कापायचं का तुमचे हात वाढवायचे, तेवढं सांगा.” लाकूड कापलं गेलं. कापलेल्या टोकाला बसवलेलं चामडं गिरणीच्या पट्ट्याचं आहे. छताखालच्या एका लांब दांड्यावरून यंत्रांना फिरवणारे ते रुंद चामडी पट्टे झिजले की गिरणीतून बाहेर पडायचे आणि गावभर चपलांचे तळ होऊन फिरायचे. तेल आणि घाम पिऊन पिऊन ते चामडं असं घट्ट झालेलं असायचं की खिळा ठोकताना वाकायचा. आजही त्या तुकड्याच्या कडेला पट्टा जोडणाऱ्या शिवणीची तीन भोकं दिसतात. चौथं भोक स्क्रूने गिळलंय.

तेव्हा हे असं सहज व्हायचं, हे इथेच सांगून टाकतो. आज बंदुकीची दुरुस्ती करायला कारागिराकडे परवाना लागतो, आणि नळी आखूड करण्यासारखे उद्योग तर शस्त्र कायद्यात वेगळे नाव घेऊन गुन्हा ठरवलेले आहेत. गिरणीतला फिटर हा आता पर्याय नाही.

माशीवरचा मणी कशासाठी, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. मला वाटायचं, शोभा. मग एका संध्याकाळी गच्चीवर रिकामी रायफल धरून समोरच्या बाभळीकडे पाहिलं तेव्हा उलगडलं. दिवस मावळताना काळी माशी काळपट झाडीत विरून जाते. पितळेचा मणी मात्र पश्चिमेचा उरलासुरला उजेड धरून ठेवतो. ससा दिवसा गवतात आपल्या अंगाच्या मापाचा खळगा करून दबून बसतो आणि चरायला निघतो तो याच वेळेला. म्हणजे तो मणी सशाच्या वेळापत्रकावर बेतलेला आहे. मणीही दिसेनासा झाला की अण्णा पानाच्या डब्यातला चुना बोटाने माशीला लावायचे. लोखंडाला चुना लागला म्हणून हळहळणारा माणूस त्या टोळीत कुणी नसावा.

चापाला मात्र मिस्त्रींनी हात लावला नाही. अण्णांना तो हलका करून हवा होता. चाप जड असला की ओढताना नळी हलते, ही त्यांची तक्रार खरीच होती. मिस्त्रींचं म्हणणं एवढंच की तुम्ही चारजण जीपमध्ये बसणार, चाक खड्ड्यात जाणार, आणि मग मला कोर्टात जावं लागणार. तो चाप अजून तसाच आहे, कारखान्याने दिला तसा दणकट. काय करायचं हे सांगणारे कारागीर पुष्कळ भेटतात. काय करणार नाही हे सांगणाऱ्याच्या हाती मी डोळे मिटून वस्तू देईन.

लहान बोअरच्या रायफलीत असे फेरफार करण्याची रीत तशी जुनी. पॉइंट टू टू लाँग रायफल हे काडतूस अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीने १८८७ साली काढलं. त्याआधी इंग्लंडात शेतातले कावळ्यांच्या जातीचे रूक पक्षी आणि ससे मारायला ‘रूक रायफल’ म्हणून खास लहान रायफली बनत, चांगल्या चांगल्या बंदूकवाल्यांच्या हातच्या. हे स्वस्त काडतूस आलं आणि त्या सुंदर रायफलींची काडतुसं मिळेनाशी झाली. लोकांनी काय केलं? नळीच्या आत दुसरी बारीक नळी बसवून त्या पॉइंट टू टूच्या करून घेतल्या. संग्राहक आज त्यावर हळहळतात. पण ज्याच्या शेतात ससे उड्या मारत होते त्याने काडतूस नसलेली रायफल भिंतीवर टांगून काय करायचं होतं? पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात इंग्रज शिपायांच्या नेमबाजीची लाज निघाली, तेव्हा लॉर्ड रॉबर्ट्ससारख्या सेनापतींनी गावोगाव लहान रायफलींचे क्लब काढायचा धोशा लावला, आणि याच काडतुसावर लाखोंनी नेम धरायला शिकलं. आपल्याकडे एनसीसीत ज्यांनी पालथं पडून ती वजनदार पॉइंट टू टू चालवली, त्यांच्याही हाती आलेला हा त्याच कुळाचा वारसा.

गोळी अवघी चाळीस ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या जरा वर. पन्नास मीटरला नेम बसवला तर शंभर मीटरला वीतभर खाली लागते. एवढ्या गोळीने ससा मरतो तो डोक्याला लागली तर. पोटाला लागलेला ससा पळतो, बोरीच्या जाळीत शिरतो आणि तिथे तासभर मरत राहतो. म्हणून अण्णांचा दंडक होता की डोकं दिसलं तर, नाहीतर राहू दे. बाराबोअरवाले त्यांना हसायचे. छर्ऱ्यांच्या बारात नेम जरा इकडेतिकडे झाला तरी चालतो. अण्णांचं उत्तर जेवताना मिळायचं. त्यांच्या सशाच्या रश्शात छर्रा दाताखाली येत नसे.

हे सगळं मी कौतुकाने सांगतोय असं वाटेल. सांगतोयही. पण ससा, चित्तूर, पाण्यावर उतरणाऱ्या पखुर्ड्या यांच्यावाचून या मंडळींच्या घरी चूल थंड राहत नव्हती. शिकार हौसेची होती, आणि त्या हौसेला माळ पुरला नाही. नान्नजचा माळढोक हा पक्षी त्याच माळावरचा. कुणी कुणी किती मारले याच्या बढाया मी लहानपणी ऐकल्यात. त्या बढायांतले आकडे खरे धरले तर अंगावर काटा येतो, खोटे धरले तर माणसं कशाची शेखी मिरवत होती हे कळून येतो. १९७९ साली इथे अभयारण्य झालं, कागदावर ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात माणसांची शेतं, गावं, रस्ते सगळं आलं, आणि जमिनीच्या व्यवहारांवरून माळढोकाच्या नावाने लोकांनी बोटं मोडली. पुढे ते आक्रसून १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. आता माळढोक दिसला तर त्याची बातमी होते.

‘बहात्तर साली शिकार बंद झाली’ असं सगळेच सहज म्हणून जातात. १९७२ चा वन्यजीव कायदा आला हे खरं, पण त्यात परवाना काढून शिकार करायची एक फट शिल्लक होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने बुजली. अण्णांनी त्याच्या कितीतरी आधी रायफल गुंडाळून ठेवली होती. त्यामागे तत्त्व होतं की गुडघे, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. एक गोष्ट मात्र मला टोचत राहते. माळावर फासे लावून चित्तूर धरणारे पारधी हे पिढ्यान्‌पिढ्या त्यावर पोट भरणारे. कायदा आला तेव्हा बंदूकवाल्यांच्या दिवाणखान्यात काळविटाची शिंगं तशीच राहिली, आणि धरपकड झाली ती फासेवाल्यांची.

तर, ससा गेला. कायद्याने गेला आणि गेला हे बरं झालं. मग माझ्या हातात जे उरलं त्याचं करायचं काय, हा प्रश्न मला वारसापरवान्याच्या फाइलीपासून आजवर पडतो. अण्णा गेल्यावर रायफल आधी जमा झाली. मग चुलत भावंडांची संमतिपत्रं, अर्ज, चौकशी, आणि ‘कशासाठी हवी?’ हा रकाना. शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात पॉइंट टू टूचं नाव घेऊनच लिहिलंय की रायफल क्लबच्या सभासदाला ती निशाणीच्या सरावासाठी देता येते. १९५९ चा हा कायदा. म्हणजे अण्णा माळावर सशामागे फिरत होते त्याच काळात दिल्लीतल्या कुणीतरी या रायफलीची जागा कागदी निशाणीसमोर ठरवून टाकली होती. मी क्लबचा सभासद झालो. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरीच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेऊन आला, ते याच काडतुसावर. त्यानंतर काही दिवस तरी लोकांनी मला ‘काय, शिकार-बिकार?’ असं डोळा मारून विचारणं बंद केलं. त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

निगा हा एक वेगळाच छंद आहे. सोलापूरचा उन्हाळा लाकडाला सुकवतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर ठाण मांडतो आणि दस्ता आकसून नळी धरणारे स्क्रू ढिले होतात. मृगाची हवा लागली की लाकूड परत फुगतं. म्हणून वर्षातून दोनदा ते स्क्रू बघावे लागतात. दस्त्याला पुस्तकं जवसाचं तेल सांगतात. अण्णा करडईचं लावायचे, कारण घरात ते होतं. मला हा अडाणीपणा वाटायचा. पण करडईचं तेलही हवेत सुकून पापुद्रा धरणारं, रंगाच्या धंद्यात वापरलं जाणारं. दोन थेंब तळहातावर घ्यायचे, हात गरम होईपर्यंत लाकडावर चोळायचे, उरलेलं फडक्याने काढून टाकायचं. जास्त लावलं तर चिकट थर बसतो आणि त्यावर धूळ. चाळीस-पन्नास वर्षांच्या चोळण्याने मुठीजवळचं अक्रोडाचं लाकूड आतून तांबूस झालंय, आणि तिथे अण्णांच्या अंगठ्याने पडलेली उथळ खोलगट जागा बोटाला लागते.

नळीचं म्हणाल तर पॉइंट टू टूला जास्त घासणं हाच मोठा धोका. शिशाची, मेणाचा हात दिलेली साधी गोळी नळीला फारसा त्रास देत नाही. त्रास होतो तो साफसफाईचा गज तोंडाकडून घालणाऱ्यांचा. नळीच्या तोंडाची कड गजाने झिजली की गोळी बाहेर पडताना एका बाजूने आधी सुटते आणि नेम कायमचा जातो. नळी मागून बंद करणारा सरकता बोल्ट काढायचा आणि मागूनच चिंदी फिरवायची. रिकाम्या रायफलीचा चाप खटाखट ओढायचा नाही हेही तसंच. या काडतुसाचा बार त्याच्या कडेच्या घडीत भरलेला असतो, त्यामुळे सुई कडेवरच मारते. काडतूस नसेल तर जुन्या रायफलीत ती थेट नळीच्या काठावर आदळायची भीती. तिथे खड्डा पडला की काडतूस अडकायला लागतं. घरी येणारा प्रत्येक पाहुणा रायफल हातात घेऊन पहिल्यांदा नेमकं तेच करायला जातो.

आणि निवडणुका. आचारसंहिता लागली की बहुतेकांना नोटीस येते, रायफल नेऊन जमा करायची. एकदा परत आली तेव्हा बोल्टच्या पाठीवर कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा गंजाने उमटलेला होता, रेघारेघांसकट. घामातल्या मिठाचं काम. बारीक लोखंडी काथ्या आणि तेलाने तो पुसट केला. पूर्ण गेलेला नाही. त्या ठशावरून माणूस सापडेल एवढा तो स्पष्ट आहे.

अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जाणाऱ्यांपैकी थोडेच लोक राजवाड्यातलं शस्त्रागार बघतात. बघावं. संस्थानिकांच्या हत्यारांवर झालेली कलाकुसर पाहिली की अण्णांच्या रायफलीवरचे बदल किती वेगळ्या जातीचे आहेत ते कळतं. तिथली नक्षी बघणाऱ्यासाठी आहे. इथलं चामडं बघणाऱ्याला कुरूपच दिसणार.

माझा पुतण्या नेमबाजी करतो, त्याची स्वतःची रायफल आहे, आणि त्याला अण्णांची ब्रनो ‘तयार’ करायची आहे. दुर्बीण, नवा सिंथेटिक दस्ता, हलका चाप. “काका, आत्ता जगात सगळे हेच करतात. जुनी ॲक्शन, नवं अंग.” करतात, खरं आहे. ज्या देशांत ससे आणि खारी मारायला अजून मुभा आहे तिथे जुन्या विंचेस्टर आणि ब्रनो घेऊन लोक त्यांना नवी लाकडं, नवे चाप, नव्या दुर्बिणी चढवतात, आणि त्यातल्या कित्येकांची कामं देखणी असतात. मी त्यांना नावं ठेवणार नाही. त्यांच्यापुढे जनावर आहे. साठ मीटरवरचं मूठभर डोकं आणि कमी होत जाणारा उजेड असं काहीतरी त्यांच्याकडून तो बदल मागून घेतं. माझ्या रायफलीकडे आता कोण काय मागतंय? कागदी निशाणी सांगते की खास नेमबाजीची रायफल घे, आणि तिचं बरोबर आहे. उरतो तो फोटो. फोटोसाठी मी दस्ता बदलणार नाही.

दुर्बिणीवर मात्र आमचं जमलं. ब्रनोच्या पाठीवर कारखान्यानेच दोन खाचा पाडून ठेवलेल्या आहेत, अकरा मिलिमीटरच्या मापाच्या, दुर्बिणीचे चिमटे धरायला. एकही भोक न पाडता ती चढते आणि उतरते. पुतण्याने जुनी चार पटीची दुर्बीण आणली, बसवली. मणी दिसेनासा झाला, म्हणून रेंजवरून आल्यावर मी ती काढून ठेवतो. त्यावर तो हसतो.

अडचण उरली माझी. मी अण्णांपेक्षा वीतभर उंच. त्यांच्या मापाने कापलेल्या दस्त्यावर गाल टेकवला की माझा अंगठा थेट नाकाला लागतो, आणि बार होताना नाकावर टिचकी बसते. दस्ता परत वाढवायचा तर मिस्त्रींचं चामडं काढावं लागणार. त्याऐवजी जुन्या वर्तमानपत्रावर टोकाचा खाका काढला, जाडी मोजून लिहिली आणि चपला शिवणाऱ्या एका कारागिराकडे कागद घेऊन गेलो. रायफल घेऊन त्याच्या दुकानात जाण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने विचारलं, “हे कुणाच्या पायाचं माप म्हणायचं, मालक?” खरं सांगितल्यावर त्याने दुप्पट भाव सांगितला आणि काम तिप्पट चांगलं केलं. आत नमद्याचे तीन थर, बाहेर मऊ चामडं, बाजूला नाडी. बुटासारखं चढवायचं, नाडी आवळायची. लांबी बरोबर दीड इंच वाढते.

पुतण्या घरी आला की माझ्यासमोर रिकामी रायफल खांद्याला लावून भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरतो. हातांच्या बाबतीत तो अण्णांवर गेलाय. आधी नाडी सोडून बूट काढून ठेवतो.